मागचं डावं चाक

मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व
९ ऑक्टोबर २०२३

जयवंतदादा,

पाकीट बघून घाबरू नका. डेरिक आहे तसाच आहे, बरा नाही आणि वाईटही नाही. काम गाडीचं आहे.

फोन केला असता, पण मागच्या वेळचं आठवतंय ना? तुम्ही तिकडून "हॅलो, हॅलो", मी इकडून बोंबलतेय, आणि तुम्हाला सोडून अख्ख्या गावठाणाला ऐकू आलं. सुगंधा वहिनींकडे निरोप द्यावा तर त्या मध्येच स्वतःचा सल्ला घालतात. गॅरेजने तुमचे कान खाल्ले, डोळे शाबूत ठेवले. म्हणून हा कागद.

तर गोष्ट अशी. गाडीत समोर एक पिवळा दिवा लागतो, गोलात एबीएस लिहिलेला. नुसता दिवा असता तर चिकटपट्टी लावून मोकळी झाले असते. पण गाडी आता थांबणार, अगदी शेवटच्या क्षणी, ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरतं. खालून कर्रर्र आवाज येतो आणि गाडी दोन-चार हात पुढे जाऊन थांबते. जोरात असताना काही नाही. हळू असताना, सिग्नलला, गल्लीच्या तोंडाशी, माणसं असतात तिथेच नेमकं.

हर्षदकडे नेली. तुमच्या आणि डेरिकच्या गॅरेजच्या जागेत आता तो लॅपटॉप घेऊन बसतो. त्याने वायर जोडली आणि म्हणाला, "आंटी, मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर." बदलला. तीन आठवडे झकास. मग परत दिवा. पुन्हा सेन्सर, पुन्हा तीन आठवडे, पुन्हा दिवा. मग कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथला टायवाला मुलगा एक चक्कर मारून आला. त्याच्या हातात गाडी शहाण्यासारखी वागली. मला म्हणतो, "मॅडम, एबीएस असंच थरथरतं, तुम्हाला सवय नसेल." बावीस वर्षं गाडी चालवतेय मी. डेरिकने शिकवलंय मला, कोणी ऐऱ्यागैऱ्याने नाही.

शेर्विन बोरिवलीहून रविवारी येतो आणि एकच पाढा म्हणतो. "मम्मी, बारा वर्षांची गाडी, विकून टाक." त्याचं बरोबर असेल. पण दादा, डेरिकचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही. रिक्षात तो बसत नाही, दुसऱ्या गाडीच्या पुढच्या सीटवर पाय अडकतो. त्यानेच स्वतःच्या पप्पांसाठी या गाडीच्या सीटची सरकायची पट्टी कापून मागे वाढवली होती ना, तीच आज त्याला उपयोगी पडतेय. चेंबूरला व्यायामाला जायचं ते याच गाडीतून. ही गाडी गेली तर तो पुन्हा दाराबाहेर पडणार नाही. एवढं सरळ आहे.

तो बाजूला बसून काहीतरी सांगायला बघतो. पण अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याच्याकडे एकच शब्द उरलाय, "हां". भूक लागली तरी हां, नको असलं तरी हां. चाळीस वर्षं ब्रेक दुरुस्त केलेला माणूस माझ्या शेजारी बसलाय आणि मी विचारतेय मालवणला. काय करू, सांगा.

तुमची,
यव्होन

*

पेंडूर, ता. मालवण
१७ ऑक्टोबर २०२३

यव्होन,

रवळनाथ तुम्हा दोघांना सांभाळो. तुमच्या येशूलाही माझा नमस्कार सांग, दोघांनी मिळून बघितलं तर काम लवकर होईल.

पत्र तीनदा वाचलं. तुझा पाय बरोबर आहे, टायवाला चूक आहे. का ते सांगतो. प्रत्येक चाकाला आत दात असलेली एक चकती असते. सेन्सर ते दात मोजतो आणि गाडीच्या मेंदूला कळवतो की चाक फिरतंय. मोजणी थांबली की मेंदूला वाटतं, चाक आवळून घसरतंय, आणि तो त्या चाकाचा ब्रेक सोडतो. आता चाक हळू झालं की सेन्सरचा आवाज मुळातच बारीक होतो. त्यात कचरा असेल तर मेंदूला काहीच ऐकू येत नाही. चाक फिरत असतं, पण तो समजतो थांबलं, आणि तुझा ब्रेक सोडून देतो. म्हणजे गाडी तुझ्या पायावर विश्वास ठेवत नाही, त्या वायरीवर ठेवते. ऐकू न येणाऱ्याची कशी फजिती होते ते माझ्याएवढं कोणाला माहीत?

हर्षदला सांग, लॅपटॉप घर दाखवतो, चोर दाखवत नाही. नवा सेन्सर टाकण्याआधी चाक उतरव. चकतीचे दात तारेच्या ब्रशने घास. सेन्सरच्या तोंडाला लोहचुंबक असतं, त्यावर लोखंडाची भुकटी दाढीसारखी वाढते, ती पूस. चकती आणि सेन्सर यांच्यामध्ये पोस्टकार्ड जेमतेम जाईल एवढीच फट हवी.

मी आलो असतो. पण कानांबरोबर तोलही गेलाय. उठून उभा राहिलो की घर फिरतं. एसटीत चढलो तर कणकवलीलाच उतरवून ठेवतील. सुगंधा म्हणते, "कान गेले ते गेले, आता पाय मोडून घेव नका." बसलोय.

डेरिकला माझं निदान वाचून दाखव. त्याला म्हणावं, जयवंत चकती म्हणतोय, पटत नसेल तर सोडा लाव. तुला आठवत असेल, गॅरेजमध्ये पत्रे ठोकण्याच्या आवाजात बोलणं शक्यच नसायचं. सगळं हातांनी. माझं निदान चुकलं की तो एक बोट वर करून दोनदा हलवायचा, मग अंगठा तोंडाकडे न्यायचा. हरणाऱ्याने गोळीसोडा आणायचा. मी त्या माणसाला इतका सोडा पाजलाय की त्यात गाडी धुतली असती.

आशीर्वाद,
जयवंत

*

मरोळ गावठाण
२२ नोव्हेंबर २०२३

दादा,

तुमचं पत्र हर्षदच्या हातात दिलं. आधी हसला, मग चाक उतरवलं. सेन्सरवर खरंच भुकटीची दाढी होती. सगळं घासलं, पुसलं, पोस्टकार्ड घालून बघितलं. दिवा गेला. मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली, एक तुमच्या नावाचीही. तीन आठवडे राणीसारखी फिरले.

कालपासून दिवा परत. पेडल परत. वाट लागली, दादा. हर्षद म्हणतो, "आता ब्रेकचं अख्खं युनिट बदला," आणि त्याची किंमत सांगतो ती गाडीच्या किमतीच्या वर जाते. टायवाल्याला फोन केला, आता तोही तेच म्हणतो.

डेरिकला पत्र वाचून दाखवलं होतं. तुमची चकती ऐकली आणि माझी बाही धरून ओढायला लागला. हां, हां, हां, दाराकडे. मला वाटलं फिरायला जायचंय. गाडीत बसवून साकीनाक्यापर्यंत एक चक्कर मारून आणली. परत आलो तेव्हा तो आणखीच वैतागलेला. माणसाला नक्की काय हवंय हे कळत नाही तेव्हा मला त्याचा राग येतो, आणि मग माझा स्वतःचा येतो.

आणखी एक आहे, लिहायला लाज वाटते. हल्ली तो घाणेरड्या वस्तू तोंडात घालतो. घरात नाही, बाहेर नेलं की. शेर्विनच्या बायकोने, बेलाने बघितलं आणि तोंड फिरवलं. तिला मी दोष देत नाही. डॉक्टर म्हणाले, झटक्यानंतर होतं असं, माणूस लहान मुलासारखा होतो. सगळ्या गॅरेजमध्ये स्वच्छ कपड्यांचा एकच मेकॅनिक होता, दादा. संध्याकाळी रॉकेलने हात धुऊन, नखं कोरून मग घरी यायचा. त्याला असं बघवत नाही.

तुम्हाला काही सुचतंय का? दोन्हीबद्दल विचारतेय.

यव्होन

*

पेंडूर
३० नोव्हेंबर २०२३

यव्होन,

तीन दिवस विचार करतोय. खरं सांगायचं तर मला कळत नाही. दिवा तीन आठवड्यांनी परत येतो म्हणजे आपण काहीतरी तात्पुरतं बरं करतोय, मूळ सापडत नाही. चाकाचं बेअरिंग ढिलं असेल तर चकती डगमगते. हर्षदला चाक दोन्ही हातांनी हलवून बघायला सांग. मी तिथे असतो तर गाडीखाली झोपलो असतो आणि सापडेपर्यंत उठलो नसतो. इथे खाटेवर झोपून माडाकडे बघतोय.

तोवर एक कर. बॉनेटखाली एबीएसचा फ्यूज आहे, तो काढून टाक. दिवा लागलेला राहील, राहू दे. मेंदू झोपेल, थरथर बंद होईल आणि ब्रेक जुन्या गाड्यांसारखा साधा लागेल. जोरात चालवू नकोस, ओल्या रस्त्यावर अजिबात नको. हा इलाज नव्हे, पण गाडी थांबेल.

दुसऱ्याबद्दल. माझी आई शेवटच्या दोन वर्षांत असंच करायची. माती, खडू, उदबत्तीची राख. ओरडून उपयोग नाही, त्यांना कळत नाही. आम्ही तिच्या हातात मऊ सुती मोजा घालायचो आणि मनगटाशी सैल नाडी बांधायचो. तिला दुखायचं नाही आणि आमचा जीव शांत राहायचा. डेरिकचा डावा हातच चालतो ना? बाहेर नेताना त्यात घाल. मायेने घाल म्हणजे त्याला वाईट वाटणार नाही.

जयवंत

*

मरोळ गावठाण
१२ डिसेंबर २०२३

दादा,

तुमचं पत्र गेल्या मंगळवारी आलं. अपघात सोमवारी झाला होता.

चकाल्याच्या सिग्नलला. हळूच होते मी, सायकलच्या वेगाने. पुढे स्कूटरवर एक बाई, मागे तिची शाळेतली मुलगी. मी ब्रेक दाबला, पेडल थरथरलं आणि गाडी गेली पुढे. मी दोन्ही पायांनी दाबत होते. बाई आडवी झाली, कोपर फुटलं. मुलीला देवाने झेललं. लोकांनी गाडीवर थापा मारल्या, "म्हातारीला लायसन कोणी दिलं?" डेरिक बाजूला बसून हां हां हां ओरडत होता, आणि मी त्याच्यावर ओरडले, गप्प बस म्हणून.

शेर्विनने मंगळवारी संध्याकाळी चावी नेली. तुमचा फ्यूज दाखवायला मी पत्र त्याच्यापुढे धरलं. त्याने वाचलंच नाही. म्हणाला, "मम्मी, ती मुलगी चाकाखाली आली असती तर?" बरोबर बोलत होता. परवा रविवारी गाडी गेली. मुलुंडचे अनिरुद्ध म्हणून कोणी आहेत, त्यांनी घेतली. ब्रेकचं सगळं शेर्विनने त्यांना सांगितलं, लपवलं नाही.

मोजा मंगळवारीच घातला होता. शेर्विनचा शाळेतला पांढरा, धुऊन ठेवलेला. तुम्ही लिहिलंत तसा मायेने घातला. त्याने हात वर केला, मोज्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. त्यानंतर घरातसुद्धा काढला नाही मी, म्हटलं सवय होऊ दे.

आता तुमच्यापासून लपवलेलं सांगते. गाडी गेली, आता लपवून काय करायचं? जानेवारीपासून मी मासे विकते. माझी मावसबहीण जॅकलिन मढहून सकाळच्या फेरीबोटीने पाटी पाठवते, मी वर्सोव्याच्या जेट्टीवरून उचलते आणि इथल्या बिल्डिंगींमध्ये देते. बर्फाचा डबा मागे, सीटच्या पायाशी, डेरिकच्या बरोबर पाठीमागे. तुम्हा दोघांचा नियम मला माहीत आहे, गाडीत माणसं, मासे टेम्पोत. म्हणून पहिल्या पत्रात "काम गाडीचं" एवढंच लिहिलं. पण घर चालवायचं होतं, दादा. डब्याला चीर गेली होती, पाणी गालिच्यात मुरायचं. वास यायचा. डेरिक वासावरून कुरकुरतोय असं मी धरून चालले होते. नाकावर, तोंडावर बोट नेऊन माझ्याकडे बघायचा. मी म्हणायची, हो रे बाबा, येतो वास, पोटासाठी सोस.

तेच पाणी तो तोंडात घालायचा. सीट आणि दरवाजा यांच्यामधून हात मागे घालून, बोट बुडवून जिभेला लावायचा, थुंकायचा, आणि माझ्या दंडाला टोचायचा. रोज. नेमकं काय आणि कुठलं ते मी लिहिलं नव्हतं तुम्हाला, मासे लपवायचे होते ना.

रविवारी अनिरुद्ध आले तेव्हा शेवटचं म्हणून त्याला गाडीत बसवलं. मोज्यासकट हात मागे घातला. मोजा बुडवला, ओला करून चोखला आणि तो तसाच शेर्विनच्या तोंडापुढे धरला. शेर्विन मागे सरला. अनिरुद्ध दुसरीकडे बघायला लागले. मी डेरिकच्या हातावर चापट मारली, दादा. लग्नानंतर पहिल्यांदा.

यव्होन

*

पेंडूर
१८ डिसेंबर २०२३

यव्होन,

आधी तो मोजा काढ. मग पुढचं वाच.

काढलास?

आम्हाला काम शिकवलं ते दत्ताराम मिस्त्रींनी. गाडीच्या गालिच्याखाली पाणी सापडलं तर ते कुठलं, हे ओळखायची त्यांची एकच रीत होती. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, थुंकायचं. गोड लागलं तर इंजिनाचं कूलंट. बेचव लागलं तर एसीचं. मातकट लागलं तर पावसाचं. आणि खारट लागलं तर वायरींची खैर नाही. दोन हजार पाचच्या पुरानंतर आम्ही दोघांनी महिनाभर दुसरं काही केलं नाही. किती गाड्यांचं पाणी चाटलं असेल त्याला मोजदाद नाही. लॅपटॉप नव्हते, जीभ होती.

तो घाण तोंडात घालत नव्हता. तो काम करत होता. आणि थुंकून तुझ्या दंडाला टोचत होता ते निदान सांगत होता. खारट आहे, यव्होन, खारट.

त्या मागच्या डाव्या चाकाची वायर बाहेरून आत येते आणि सीटच्या पायाशी, गालिच्याखाली, दुसऱ्या जोडात जाते. तुझा डबा त्याच्यावर. मासळीच्या बर्फाचं खारं पाणी त्या जोडात गेलं, पितळ हिरवं पडलं, सेन्सरचा आवाज वाटेतच मरायला लागला. हर्षद चाकापाशी वायर ओढायचा, आत जोड हलायचा, गंज थोडा घासला जायचा. म्हणून तीन आठवडे बरं. माझ्या दाढी पुसण्यानेही तेवढंच झालं. पत्रामागून पत्र मी हुशारी मिरवली आणि तो तुझ्या शेजारी बसून रोज एका बोटाने सांगत होता.

मासे विकलेस त्यात लाज कसली? नियम आमचे होते, पोट तुझं. पण मला कळवलं असतंस तर, हे मी म्हणणार नाही. कारण मीही विचारलं नाही की तो काय तोंडात घालतो, कुठे घालतो. आईचं आठवलं आणि सल्ला दिला. ज्याचा एक हात बोलत होता त्याला मी मोजा घालायला सांगितला. हे मी कोणाला सांगू? सुगंधाला वाचून दाखवलं, ती उठून आत गेली.

त्या अनिरुद्धना लगेच कळव. गालिचा उचलायचा, जोड सोडवायचा, गंज साफ करून कोरडा करायचा, पिन खाल्ल्या असतील तर बदलायच्या. अर्ध्या तासाचं काम आहे. त्यांच्या पुढेही कोणाची तरी स्कूटर असेल.

जयवंत

*

मरोळ गावठाण
४ जानेवारी २०२४

दादा,

मोजा दारातच काढला, पोस्टमन अजून उभा होता.

अनिरुद्धना शेर्विनकडून फोन करवला. त्यांनी गालिचा उचलला. जोड हिरवागार होता, तुम्ही सांगितलात तसा, तुम्ही सांगितलात तिथे. साफ केला. दिवा गेला तो गेलाच. त्यांचा फोन आला, "आंटी, गाडी काय झकास थांबते! तुमच्या मिस्टरांना थँक्यू सांगा."

मी गाडी परत मागितली. हो, निर्लज्जासारखी मागितली. माणूस वाईट नाही, पण बायकोसाठी घेतलीय, कागद झालेत. तिचे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते, म्हणून पुढच्या दोन्ही सीटच्या पट्ट्या एकदमच बदलून घेतल्या. लांब पट्टी भंगारात गेली. म्हणजे आता परत दिली तरी उपयोग नाही.

चेंबूर बंद आहे. व्यायामवाली बाई घरी येते आठवड्यातून एकदा, घाईत असते. नाताळला त्याला खुर्चीत बसवून दारापर्यंत आणलं. गावठाणातली मंडळी आली, गाणी झाली. त्याने उंबऱ्याबाहेर बघितलं, जिथे गाडी उभी असायची तिथे.

तुमचं पत्र त्याला वाचून दाखवलं. सगळं, दत्ताराम मिस्त्रींसकट. शेर्विनही होता. तो त्याच्या पायाशी बसला आणि "सॉरी पप्पा" म्हणाला. मीही माफी मागितली. डेरिकने ऐकून घेतलं. हां सुद्धा म्हणाला नाही.

आणि दादा, तो हात उचलत नाही. मोजा काढला तरी नाही. मांडीवर मूठ करून ठेवतो, मोज्यात असायची तशी. मी पाण्यात मीठ घालून वाटी पुढे धरली. कालवणाची वाटी धरली. बघत नाही. वर्षभर तो सांगत होता आणि आम्ही ऐकलं नाही, आता आम्ही ऐकायला बसलोय आणि त्याला सांगायचं नाही. मला काही सुचत नाही. या वेळी तुम्हाला काही करायलाही सांगत नाहीये. फक्त लिहिलं.

यव्होन

*

पेंडूर
११ जानेवारी २०२४

यव्होन, हे पत्र डेरिकचं आहे. मोठ्याने वाच, आणि वाचताना कागदाकडे कमी, त्याच्या हाताकडे जास्त बघ.

डेरिक,

गेल्या पत्रात मी तुझी फार स्तुती केली. यव्होन रडत होती म्हणून केली. आता पुरुषासारखं बोलू.

मिठाचं निदान चूक आहे. मी नीट विचार केला. हर्षदने टाकलेले सेन्सरच हलके होते, बाकी काही नाही. जोड हिरवा पडला तो एसीच्या पाण्याने. एसीचं पाणी पितळ खातं, हे मी तुला कितीदा शिकवलंय. तुझ्या जिभेला आता चव राहिली नसेल, वय झालं, होतं असं.

तसंही चवीचं काम तुझं कधीच नव्हतं. पुराच्या वेळी कुर्ल्याची ती काळी-पिवळी आठवते? सगळे म्हणत होते नाल्याचं पाणी, आणि मी बोट लावून म्हणालो खाडीचं. मी म्हणालो. तू तेव्हा चहा आणायला गेला होतास. दत्ताराम मिस्त्रींनी पाठ थोपटली ती माझी.

हे तुला मान्य असेलच. नसेल तर काय, तू बोलणार थोडाच आहेस? गप्प बसलास म्हणजे कबूल केलंस, आणि सोडा तुझ्याकडे लागला.

जयवंत मिस्त्री

*

मरोळ गावठाण
२० जानेवारी २०२४

दादा,

तुम्ही सांगितलंत तसं वाचलं. दुपारी, तो जेवून खिडकीशी बसला होता तेव्हा.

हलक्या सेन्सरपर्यंत काही नाही. एसीच्या पाण्यापाशी त्याचा श्वास जोरात यायला लागला. जिभेची चव गेली म्हटल्यावर मान माझ्याकडे वळली. तुमचा इतका राग आला मला, वाटलं पत्र फाडून टाकावं, आजारी माणसाला असं लिहितात का? पण तुम्ही हाताकडे बघ म्हणाला होतात, म्हणून बघत राहिले.

कुर्ल्याच्या टॅक्सीवर आले. "मी म्हणालो" वाचलं, "तू चहा आणायला गेला होतास" वाचलं. मूठ उघडली. बोट वर आलं, दादा. वर आलं आणि हललं, एकदा, दोनदा. मग अंगठा तोंडाकडे गेला.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर आले तर त्याचा अंगठा अजून तोंडाशीच होता, मला दिसला नसेल म्हणून धरून ठेवलेला. मी म्हटलं, दिसला रे, दिसला. टॅक्सी तू ओळखलीस. मीठ तू ओळखलंस. मला सगळं दिसलं.

बाकी काही बदललं नाही. गाडी मुलुंडला आहे. चेंबूर बंदच आहे. तो उंबऱ्याबाहेर कसा पडणार, हे मला आजही माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही हेही मला माहीत आहे. पत्र संपल्यावर बोट परत मांडीवर गेलं आणि तिथेच आहे. मी विचारते त्याला, पाणी हवं? ऊन लागतंय? हलत नाही. आम्ही बरोबर वागतो तेव्हा त्याला आमच्याशी काही बोलायचं नसतं.

म्हणून एक मागते. दर आठवड्याला पत्र टाका आणि त्यात एक चूक घाला. मोठी घाला, दादा. बारीकसारीक चुकांना तो भीक घालत नाही.

सोडा तुमच्याकडे लागलाय.

यव्होन